छाती धडधडतीय? आधी मावशीला फोन लावा

छातीत धडधड सुरू झाली की पहिलं म्हणजे घाबरायचं नाही आणि दुसरं म्हणजे तपासायचं तर मुळीच नाही, तपासलं की काहीतरी निघतंच. त्यापेक्षा ॲसिडिटी म्हणा. सांगलीत राहत असाल तर सोपंच आहे, रात्री भडंग खाल्लेलं असतंच, वरनं कच्चा कांदा, झालं, कारण सापडलं, इनो घ्या आणि झोपा. झोप येणार नाही ती गोष्ट वेगळी.

इनोवर महिनाभर सहज निघतो, माझा निघाला. तोवर हात थरथरायला लागतात. चहा बशीत ओतताना कप बशीवर असा टकटक वाजायचा की सासूबाई आतनं ओरडायच्या, बघ गं कोण आलंय दारात. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडलेलं असेल ते काढा, निवांत बसलेल्या माणसाची नाडी 60 ते 100 असते म्हणतात, तुमची 118 दाखवली तर सेल बदला. सेल बदलून 121 आली तर मशीनच चायनाचं.

आणि वजनाचं तर कुणाला सांगूच नका. दुप्पट जेवून सहा किलो उतरले की लग्नाच्या हॉलमध्ये चार बायका कोपऱ्यात घेतात, काय करतीस गं, आम्हाला पण सांग की. मी लिंबूपाणी म्हणून ठोकून दिलं. त्यातल्या तिघी अजून लिंबूपाणी पितायत, एक ग्रॅम उतरला नाही, आता माझ्याशी बोलत नाहीत. जानेवारीत पंखा पाचवर आणि नवरा डोक्यापर्यंत गोधडीत, हे पण घरातच ठेवायचं, लोक वयाचं काढतात.

डॉक्टरकडं जा असं कुणी म्हणालंच तर म्हणायचं, मिरज लांब पडतंय. कर्नाटकातनं लोक एसट्या भरून मिरजेच्या दवाखान्यांत येतात, पण त्यांना काय, आपल्याला सांगलीतनं तब्बल दहा किलोमीटर जायचंय.

त्यापेक्षा मावशी. प्रत्येक घरात थायरॉईडवाली एक मावशी असतेच, आणि ती गोळी वाटण्यात कंजूषपणा करत नाही. माझी म्हणाली, अगं थायरॉईडच हाय ते, मला दहा वर्सं झाली, ही घे माझ्यातली, उपाशीपोटी घे, अर्धा तास चहा नको. पथ्य एकदम बरोबर, फक्त माणूस चुकीचा. गळ्यातली ती फुलपाखरासारखी ग्रंथी मावशीची मंद चालते म्हणून तिला बाहेरनं हार्मोन द्यावं लागतं, माझी सुसाट सुटलेली. म्हणजे तिची गाडी स्टार्ट होत नाही म्हणून धक्का मारतात, आणि मी उतारावर ब्रेक फेल झालेल्या गाडीला मागनं धक्का मारत होते, तोही रोज सकाळी सहाला गजर लावून. आठवड्यात जिना चढला की 140.

रक्त तपासायची वेळ आलीच तर केस गळतात म्हणून चालू असलेल्या गोळ्या तेवढ्या बंद करू नका. लॅबवाल्यानं विचारलं काही औषध चालू आहे का, तर नाही म्हणा, केसांच्या गोळ्या म्हणजे काय औषध आहे होय? त्यात बायोटिन असतं आणि त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट खोटाच बिघडलेला दिसू शकतो, हे मला डॉक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं. मग त्या गोळ्या थांबवून परत रक्त, परत पैसे. ईसीजी पण काढला, कारण असं बरेच दिवस चाललं की ठोका बेताल होतो, रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. एवढं ऐकल्यावर मी इनोचं नाव काढलं नाही.

गोळ्या मिळाल्या, धडधडीची वेगळी, थायरॉईडची कार्बिमाझोल वेगळी. ताप आला किंवा घसा धरला तर ही कार्बिमाझोल बंद करून लगेच रक्त तपासायला या, क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात, असं डॉक्टरनं तीनदा बजावलं. तुम्ही अर्थातच हळदीचं दूध प्या. सांगलीत राहून हळदीवर विश्वास ठेवायचा नाही तर कुणी ठेवायचा?

रिपोर्ट मावशीला व्हॉट्सॲप केला, ती चूक झाली. टीएसएच 0.01. आता हे टीएसएच म्हणजे मेंदूकडनं थायरॉईडला जाणारी ऑर्डर, माल गोदामात तुंबला की ऑर्डर बंद होते, म्हणून आकडा खाली म्हणजे थायरॉईड जास्त. मी हे दोनदा समजावलं. तिकडनं शांतता. मग म्हणाली, "अगं बाई, शून्यच की! माझं नऊ असताना मला एक गोळी लागली, तुझं तर काहीच उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नातू गाडीवरनं आला. पिशवीत किलोभर भडंग आणि शंभर गोळ्यांची बाटली, सील न फोडलेली.