उमेदवार कोणी ठरवायचा?

अशोक चव्हाण काँग्रेस सोडून १३ फेब्रुवारी २०२४ ला भाजपमध्ये आले आणि दुसऱ्याच दिवशी राज्यसभेचे उमेदवार झाले. तेव्हा सांगलीच्या आमच्या घरी वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, दिवस चालू होते. भेटायला येणारे बहुतेक त्यांच्याच वयाचे, जनसंघापासूनचे कार्यकर्ते. अण्णांच्या चार आठवणी निघायच्या आणि मग विषय चव्हाणांवर जायचा. कोणी तळमळून बोलायचं, तर कोणी म्हणायचं, ‘वरच्यांनी विचार करूनच घेतलं असेल.’ त्यांच्यापैकी एकालाही कोणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं होतं असंही कोणी म्हणालं नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी साउथ कॅरोलायनात राहतो, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. अमेरिकेचा नागरिक झालो तेव्हापासून मत रिपब्लिकन पक्षाला देतो. कुटुंब, धर्म, स्वतःच्या कष्टाची कमाई आणि सरकारचा कमीत कमी हात, हे सगळं मी अण्णांच्या घरातूनच घेऊन आलो. इथल्या मित्रांना माझं राजकारण पटत नाही, पण ते मी लपवत नाही.

अण्णा गेले तेव्हा मी इकडेच होतो. अग्नी धाकट्या भावाने दिला. मी पोहोचलो ते हरिपूरच्या संगमावर अस्थी सोडायच्या वेळी. कागदपत्रं आवरताना त्यांच्या लोखंडी पेटीत पक्षनिधीची पावतीपुस्तकं सापडली. पावत्या फाडून दिलेल्या, स्थळप्रती तेवढ्या शिल्लक. एक रुपया, दोन रुपये, क्वचित पाच. प्रत्येकीवर नाव, गाव आणि अण्णांची बारीक सही. कवलापूर, बुधगाव, माधवनगर, सगळं सायकलवरून. ज्या सांगलीत १९६२ पासून काँग्रेसशिवाय खासदार निवडून आला नव्हता, तिथे हा माणूस जनसंघाच्या दिव्याच्या चिन्हासाठी रुपया रुपया मागत फिरत होता. अखेर २०१४ मध्ये कमळ निवडून आलं. पण उमेदवार नुकताच राष्ट्रवादीतून आलेला होता. अण्णांनी त्याचाही प्रचार मनापासून केला. शिस्त म्हणजे शिस्त, असं ते म्हणायचे.

त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. तरीही जो पक्ष हजारो माणसांनी असा उभा केला, त्याचा उमेदवार एका एबी फॉर्मवर, म्हणजे वरून आलेल्या उमेदवारीच्या पत्रावर ठरावा, हे मला परंपरा मानणारा माणूस म्हणूनच पटत नाही. संस्था जे राखतात त्यांचा तिच्यावर हक्क असतो, हे आमच्या विचाराचं मूळ आहे. महाराष्ट्रात आज उलटं चाललंय. खरी शिवसेना कोणाची हे विधानसभा अध्यक्षांनी सांगितलं, राष्ट्रवादीचं घड्याळ कोणाच्या हाती हे निवडणूक आयोगाने सांगितलं. पक्षाच्या सभासदाला मात्र कोणीच विचारत नाही.

दिवस झाल्यावर मी परत आलो आणि २४ फेब्रुवारीला, शनिवारी, प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार मतदारांनीच निवडायच्या निवडणुकीत, मत दिलं. इथे मतदाराची नोंदणी पक्षवार नसते. ३ तारखेला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलेलं नसलं की कोणीही नोंदणीकृत मतदार रिपब्लिकन उमेदवार निवडू शकतो. परवाना दाखवला, कोरं कार्ड मिळालं, ते यंत्रात घालून पडद्यावर नाव निवडलं. छापून आलेलं कार्ड एकदा वाचलं आणि स्कॅनरमध्ये सरकवलं. मी या पक्षासाठी एक पावतीही फाडलेली नाही, तरी मला विचारलं गेलं.

माझं मत निकी हेली यांना होतं. बॅम्बर्ग या छोट्या गावात पंजाबी आईवडिलांच्या पोटी जन्मलेली ही बाई याच राज्याची गव्हर्नर झाली. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारली गेल्यावर २०१५ मध्ये तिने विधानभवनाच्या आवारातला कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा, उतरवायला लावला. पण माझं मत पक्कं झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. १० फेब्रुवारीला कॉनवेच्या सभेत ट्रम्प यांनी विचारलं, हिचा नवरा कुठे आहे? तो नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचा अधिकारी, त्या वेळी आफ्रिकेत नेमणुकीवर होता. ती बातमी मी सांगलीत सुतकात वाचली. कर्तव्यासाठी घराबाहेर असलेल्या माणसाच्या गैरहजेरीची भरसभेत टिंगल करायची आणि लोकांनी हसायचं? माझी गैरहजेरी काही सैनिकाची नव्हती, नोकरीची होती. पण घरचं माणूस जवळ नसणं काय असतं, ते त्या दिवसांत मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कुटुंबाचं नाव घेणाऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर हे शोभत नाही.

हेली हरल्या. ट्रम्प यांना साठ टक्क्यांच्या जवळपास मतं, त्यांना चाळीस. ६ मार्चला त्या शर्यतीतून बाहेर पडल्या. त्यानंतर फोनवर भाऊ म्हणाला, ‘मग दादा, लोकांना विचारून तरी काय मिळालं? जो मोठ्याने बोलतो तोच आला ना?’ त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. प्रायमरीत पैसा लागतो, मतदान कमी होतं, कडव्या लोकांचा आवाज मोठा होतो. इथेही पूर्वी पुढारीच ठरवत असत. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, शिकागोत पक्षाच्या अधिवेशनावेळी रस्त्यांवर डोकी फुटली आणि त्यानंतर ही पद्धत पक्की झाली.

तरीही मी भावाला सांगितलं, या राज्यात साडेसात लाखांवर लोकांनी मत दिलं आणि त्यातले जवळपास तीन लाख ‘हा नको’ म्हणाले. ते मोजले गेले, जिल्हावार छापले गेले. नोव्हेंबरमध्ये जिंकायचं तर ट्रम्प यांना त्या माणसांकडे यावं लागणार होतं. चव्हाणांच्या प्रवेशाने सांगलीतले किती जण दुखावले, हे कोणत्या कागदावर आहे?

तेव्हा लोकसभेच्या याद्या येत होत्या. सांगलीचा उमेदवारही दिल्लीतच ठरणार होता. काँग्रेसने २०१४ मध्ये मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवून पाहिले, पण त्या वर्षी पक्षाचा धुव्वा उडाला आणि प्रयोगही तिथेच राहिला. भाजपकडे सभासदांची यादी आहे, तालुक्यातालुक्यात कार्यालयं आहेत. लोकसभा राहू दे, निदान जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत एका गटात पाच वर्षं जुन्या सभासदांचं गुप्त मतदान घेऊन पाहा. भाऊ तालुका कार्यकारिणीवर आहे. पुढच्या बैठकीत तसा ठराव मांड, असं मी त्याला सांगितलंय. तो अजून हो म्हणालेला नाही.