‘हेलिकॉप्टर काय, मिनिटभरात जातं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुहू विमानतळावरच्या हेलिकॉप्टरांच्या आवाजाची तक्रार करणाऱ्यांना गप्प करणारा एक मेसेज पार्ल्या-जुहूच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विमानतळ आधीचा, तुम्ही नंतर आलात, रस्त्यावरचे हॉर्न याहून मोठे, सरासरी आवाज मर्यादेत आहे, हेलिकॉप्टरं देशाच्या तेलासाठी उडतात, तेव्हा खिडकी लावून घ्या. बऱ्याच जणांना हे पटलेलं दिसतं, म्हणून लिहितोय.

आधी कोण होतं ते पाहू. जुहूचा विमानतळ 1928चा. पार्ले टिळक विद्यालय 1921चं, म्हणजे वस्ती तेव्हाच होती. 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते एका इंजिनाच्या छोट्याशा पस मॉथ विमानातून. समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रात तेल सापडलं 1974 मध्ये. तिकडची हेलिकॉप्टरं त्यानंतरची. धावपट्टी जुनी आहे म्हणून आजचा आवाज जुना ठरत नाही.

हॉर्नची तुलना मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे. हॉर्न कर्कश असतो, पण खिडकी लावली की बराच कमी होतो. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा धडधडाट खालच्या पट्टीतला. तो काचेला जुमानत नाही, उलट काचच थरथरवतो. आमच्याकडे सरकत्या खिडकीची चौकट खडखडते, मांडणीवरच्या वाट्या किणकिणतात, आणि शेजारच्या आजी कानातलं मशीन काढून हातात धरून बसतात. आवाज मोजायची नेहमीची पद्धत याच खालच्या पट्टीला कमी वजन देते, त्यामुळे यंत्रावरचा आकडा लहान दिसतो. त्यात उतरताना पाती आपणच मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांवर आपटतात आणि ‘फट्-फट्’ असा वेगळाच दणका बसतो. खिडकी लावायचा सल्ला इथेच निकालात निघतो. मे महिन्यात तो कुणाला द्यायचा, हा प्रश्न वेगळाच.

आता सरासरी. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत 55 डेसिबलची मर्यादा आहे. या सोळा तासांत एकच मिनिट 80 डेसिबलचं धरा आणि बाकी वेळ संपूर्ण शांतता. आवाजाच्या ऊर्जेवर काढलेली सरासरी येते 50च्या आसपास, म्हणजे नियमात बसली. पण त्या एका मिनिटात तान्हं बाळ दचकून उठलं ते उठलंच. आजाऱ्याची डुलकी मोडली ती मोडलीच. सरासरीचा आकडा खोटा नाही. तो त्यांच्या तक्रारीचं उत्तर नाही, एवढंच.

राहिलं तेल. मुंबई हायची उड्डाणं बंद करा, असं आम्ही म्हणतच नाही. जुहूहून खासगी चार्टर, म्हणजे भाड्याने घेतलेली हेलिकॉप्टरंही उडतात, हे मेसेजमध्ये सोयीने गाळलंय. आणि मुंबई हाय पश्चिमेला, भर समुद्रात सुमारे 160 किलोमीटरवर. समुद्र जुहूच्या दाराशी. शेजारी मोठ्या विमानतळाची वाहतूक असल्याने वैमानिकाला मनासारखी वाट मिळत नाही, हे मान्य. पण जमेल तेवढी ये-जा समुद्रावरून ठेवा, घरांवरून जावंच लागलं तर परवानगीत बसेल तितकं उंचावरून जा, आणि भल्या पहाटेची चार्टर टाळा, एवढं तरी मागता येतं. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. आमची मागणी एवढीच आहे, आणि त्यासाठी एकही विहीर बंद करावी लागत नाही.