टनांत मोजलेला देश

नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी बरीच वर्षे उत्पादन नियोजनाचे काम केले. आमचे मासिक टार्गेट टनांत असे. त्यामुळे महिन्याची पंचवीस तारीख उलटली की शॉप फ्लोअरवर चाळीस-चाळीस किलोंची पंपांची हाउसिंग भराभर ओतली जात आणि दीड किलोच्या ब्रॅकेटचे पॅटर्न रॅकवर धूळ खात पडत. त्या ब्रॅकेटसाठी ग्राहकाचा माणूस रोज फोन करत असला तरी. यात कोणी कामचुकार नव्हते, उलट शेवटच्या आठवड्यात माणसे डबल शिफ्ट करत होती. वरून वजन मोजले जात होते, म्हणून खाली वजन तयार होत होते.

हे आठवण्याचे कारण असे, की परवा गंगापूर रोडवरच्या आमच्या सकाळच्या मंडळात सोव्हिएत संघाचा विषय निघाला आणि एका मित्राने निकाल देऊन टाकला, की तिथे सगळेच सरकारी असल्याने लोक आळशी झाले आणि देश बुडाला. मला हे पटत नाही. आळशी माणसांनी १९२८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत एवढे पोलाद कारखाने उभे केले नसते. (त्यासाठी खेड्यांकडून धान्य कसे ओरबाडले गेले आणि १९३२-३३च्या दुष्काळात किती लाख माणसे मेली, तो हिशेब वेगळा आणि भयंकर आहे.) माझ्या मते त्या व्यवस्थेचा मूळ रोग असा होता, की खालची खरी माहिती वर पोहोचण्याची वाटच तिने बंद केली होती, आणि खोटे बोलणे हाच प्रत्येक पायरीवरचा शहाणपणाचा मार्ग ठरला होता.

१९२१ साली स्थापन झालेले 'गोसप्लान' हे नियोजन मंडळ मॉस्कोतून उद्दिष्टे ठरवी, आणि ती बहुधा टनांत, मीटरांत किंवा नगांत असत. झुंबरे बनवणाऱ्या कारखान्यांची योजना टनांत असल्यामुळे झुंबरे उगाच जड होत चालली आहेत, अशी तक्रार खुद्द सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी जाहीरपणे केली होती. मला ती वाचताना आमची हाउसिंग डोळ्यांसमोर आली. शिवाय यंदा जेवढे साध्य झाले त्यावर पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट चढवले जाई, त्यामुळे कोणताही शहाणा संचालक आपली खरी क्षमता कधीच उघड करत नसे. कच्चा माल वेळेवर मिळण्याची खात्री नसल्याने जो तो गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवी आणि गोदामात दडवून ठेवी. मग अडलेला माल सोडवून आणण्यासाठी कारखाने 'तोल्काच' म्हणजे खटपट्ये पदरी बाळगत. तोट्यातला कारखाना बंद पडण्याची भीतीही नव्हती, कारण खड्डा सरकार भरून देई. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी तुटवड्याचे मूळ इथेच दाखवले आहे : पैशाचे बंधन सैल असले की कारखान्यांच्या मागणीला अंत राहत नाही.

पण सर्वांत मोठे नुकसान भावांनी केले, आणि ते आपल्या जिल्ह्यात कोणालाही चटकन समजेल. निफाडला माझ्या मामांची कांद्याची चाळ आहे. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत जातो, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत मामांचे एक लक्ष चाळीतल्या सडीकडे आणि दुसरे लासलगावच्या लिलावाकडे असते. भाव चढू लागला की ते एक ट्रॉली काढतात, पडला की थांबतात. देशात कांदा किती आहे याची आकडेवारी त्यांनी कधी पाहिलेली नाही. क्विंटलमागचा तो एक आकडा त्यांना पुरतो. बाजार दयाळू असतो असे मी म्हणत नाही. रस्त्यावर ओतलेले टोमॅटो आपण सर्वांनी पाहिले आहेत. आणि डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीने तोच आकडा एका रात्रीत कसा पाडला, हेही कोणी विसरलेले नाही.

सोव्हिएत व्यवस्थेत हा आकडा मुका होता. जून १९६२ मध्ये मांस आणि लोण्याचे भाव वाढवले गेले, नोव्होचेर्कास्क या शहरातले कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळीबार होऊन सव्वीस माणसे मेली. त्यानंतर भावांना हात लावण्याची हिंमत कोणी केली नाही, आणि सरकारी दुकानांतले मांसाचे भाव १९९१ पर्यंत जवळपास तिथेच राहिले. हातात पैसे वाढत गेले, भाव तेच राहिले, साहजिकच रांगा लांबल्या. पाव इतका स्वस्त होता, की लोक तो गुराडुकरांना घालत, आणि दुसरीकडे सरकार १९६३ पासून परदेशातून गहू विकत घेत होते. त्याच देशात सत्तरच्या दशकात पेरणीखालील जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के परसबागांतून शेती उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा येत होता. माणसे तीच होती, पण परसात काय लावायचे आणि काय भावाने विकायचे हे ती स्वतः ठरवत होती.

आमच्या मंडळातल्या एका निवृत्त इंजिनिअरचे म्हणणे असे, की तेव्हा संगणक अपुरे होते. आजच्या संगणकांवर हे नियोजन सहज जमले असते. पण गणिताची बाजू तिथे कच्ची नव्हती. प्लायवुडच्या कारखान्याचा प्रश्न सोडवताना १९३९ मध्ये रेषीय नियोजनाची पद्धत, म्हणजे मर्यादित साधनांचा सर्वांत चांगला वापर काढून देणारे गणित, शोधणारे गणितज्ञ कांतोरोविच त्यांचेच होते, आणि त्यांना १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेलही मिळाले. प्रश्न गणितात घालायच्या आकड्यांचा होता.

१९५९ मध्ये रियाझान प्रांताचे पक्षप्रमुख लारिओनोव यांनी मांसाचा पुरवठा एका वर्षात तिप्पट करण्याचे वचन दिले. त्यासाठी दुभत्या गाई कापल्या, पैदाशीची जनावरे कापली, लोकांच्या गोठ्यांतली गुरे ओढून आणली, शेजारच्या प्रांतांतून मांस विकत आणले आणि दीड लाख टनांचा आकडा पूर्ण करून दाखवला. त्यांना 'समाजवादी श्रमवीर' हा किताब मिळाला. पुढच्या वर्षासाठी एक लाख ऐंशी हजार टनांचा शब्द दिला गेला होता. प्रत्यक्षात निघाले सुमारे तीस हजार, कारण गोठे रिकामे होते. १९६० च्या शरद ऋतूत लारिओनोव यांनी आत्महत्या केली. मॉस्कोत त्या काळी आजचा सर्वांत मोठा संगणक जरी बसवला असता, तरी १९५९ च्या रकान्यात त्याला दीड लाख टनच वाचायला मिळाले असते.