परदेशातून : लॉज राहू द्या, स्टॉकर द्या

निफाड-सिन्नरकडे बिबट्याने कुणावर हल्ला केला, की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक सूचना हमखास येते : शिकारीचे परवाने विका. परवा चुलतभावाने थेट मलाच विचारलं, "दादा, तुमच्या स्कॉटलंडात श्रीमंत लोक पैसे मोजून हरणं मारतात. जनावरं आटोक्यात, गावाला रोजगार. आपल्याकडेच काय अडलंय?"

त्याचा राग रास्त आहे. रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी भरायला त्याला जावं लागतं, मला नाही. पण तो ज्या व्यवस्थेचा दाखला देतो, ती मी जवळून बघतो. हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, एका शिकारी इस्टेटीचे हिशेब माझ्याकडे असतात.

दगडी लॉज, जिन्यात भिंतभर शिंगं, ओले बूट वाळवायला वेगळी खोली. पाहुण्याला आधी निशाणावर गोळ्या झाडायला लावतात. नेम बरा असेल तरच डोंगरावर नेतात. सोबत स्टॉकर असतो, इस्टेटीचा पगारी माणूस. कुठलं हरीण मारायचं ते तो ठरवतो, पाहुणा फक्त चाप ओढतो. (फोटो मात्र पाहुण्याचा.) मारलेलं हरीण थंड खोलीत उलटं टांगतात आणि त्याला चिठ्ठी बांधतात : तारीख, वजन, जागा. त्या चिठ्ठ्या शेवटी माझ्या टेबलावर येतात.

आणि त्या चिठ्ठ्या वेगळंच सांगतात. पैसे भरणाऱ्याला हवा असतो शिंगाळा नर. कळप कमी होतो तो माद्या मारल्याने. माद्यांचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी. दुपारी चारला अंधार, वर गारा. तेव्हा बहुतेक पाहुणे आपापल्या घरी शेकोटीपुढे असतात. माद्या मारतो तो स्टॉकर, पगारावर. लांडगे इथून कधीच संपले, शिकारी इस्टेटी दीडशे वर्षांहून जुन्या, आणि तरी स्कॉटलंडमधली हरणं दहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. हौशी शिकारीने जनावरं आटोक्यात राहतात म्हणणाऱ्याने ही बेरीज करून बघावी.

दुसरी गोष्ट जमिनीची. इथे हजारो एकरांचा डोंगर एका मालकाचा असतो. आपल्याकडे 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने बारमाही बागायत 18 एकरांवर ठेवता येत नाही, कोरडवाहू 54 वर. (तो कायदा झाला ते बरंच झालं.) गोदाकाठी दोन बांध ओलांडले की मालक बदलतो, मळ्यामळ्यात वस्ती, द्राक्षबागेत मजूर. एकाच्या उसात झाडलेली गोळी दुसऱ्याच्या ओट्यावर जायची.

शिवाय एक बिबट्या हटवला म्हणजे जागा मोकळी राहते असं नाही. ऊस, पाणी आणि मोकाट कुत्री असेपर्यंत दुसरा येतो. जुन्नरमध्ये 2001 पासून बिबटे पकडून लांब सोडले. हल्ले उलट वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यासून मांडलंय. माणसावर उठलेल्या बिबट्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलम 11 खाली आजही देऊ शकतात. त्यासाठी परवान्यांचा बाजार मांडायची गरज नाही.

इथून काही न्यायचंच असेल तर स्टॉकर न्या. आमचा स्टॉकर बारा महिने त्याच डोंगरावर असतो. कुठल्या ओढ्याला किती माद्या, हे तो चहा पिता पिता सांगतो. निफाडला असा गावातलाच, कायम पगारी माणूस हवा : कुठल्या गटातल्या उसात बिबट्याची मादी व्यालीय, हे तोड सुरू व्हायच्या आधी माहीत असणारा. आज ते ऊसतोड मजुराला कळतं, कोयत्यापुढे पिल्लं दिसल्यावर. मग वनखात्याची माणसं येतात, पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि बहुतेकदा आई रात्री ती घेऊनही जाते. काम येतं त्यांना, माणसं कमी पडतात.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. चुलतभावाचं उत्तर एका ओळीत आलं : "स्टॉकर येईल तेव्हा येईल, आधी दिवसा लाइट द्यायला सांग." हे मात्र त्याने माझ्या यादीत पहिल्या नंबरला टाकावं.