बेदाण्यांची चटणी आणि एक बंद शटर

सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरचे ते फ्यूजन रेस्टॉरंट गेल्या महिन्यात बंद झाले. ‘सांगलीला असले काही झेपत नाही’ हे वाक्य तेव्हापासून मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

ते सुरू झाले तेव्हा रविवारी तासभर ताटकळणाऱ्यांमध्ये आम्हीही होतो. तिथला एक पदार्थ मला अजून आठवतो. टाकोसारखी दुमडलेली ज्वारीची भाकरी, तिच्यात भाजल्या वांग्याचे भरीत आणि थोडा चक्का, त्यावर बेदाणे व चिंच एकत्र शिजवून केलेली आंबटगोड चटणी आणि वरून मूठभर भडंग. हॉटेलात गेल्यावर वरणभाताखेरीज सहसा काहीही न मागवणाऱ्या माझ्या आईने दुसरी प्लेट मागितली होती. मिरची, बटाटा आणि टोमॅटो पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून येऊन आपल्या स्वयंपाकात मुरले, १९७५ च्या सुमारास मुंबईत जन्मलेले चिकन मंच्युरियन आज चौकाचौकातल्या गाड्यांवर मिळते. तेव्हा सरमिसळीचे आपल्याला वावडे आहे असे कसे म्हणता येईल?

बिघडले ते पुढे. मूळ आचारी पुण्याला निघून गेला आणि नवा मेन्यू महानगरातल्या चार रेस्टॉरंटांवरून उतरवून काढल्यासारखा आला. बाटलीतले सॉस, चीज ओतलेली पावभाजी, टेबलावर धूर सोडणारे गोड पदार्थ. ज्या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या सांगलीत बसून बेदाण्याची ती चटणीच मेन्यूतून काढून टाकावी, याचे मला आजही वाईट वाटते. धुराचा फोटो काढायला माणूस एकदाच येतो. आपल्यासारख्या शहरात मात्र तीच ती कुटुंबे महिन्या-दोन महिन्यांनी परत आली, तरच गल्ला भरतो.

खर्चाची बाजूही सोपी नव्हती. नोव्हेंबर २०१७ पासून अशा साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या खर्चांवर आधी भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. त्यामुळे गाळ्याच्या भाड्यावर भरलेला १८ टक्के कर वळता करून घेता येत नाही, तो सरळ खर्चात जातो. रांग असेपर्यंत हे सोसवले असेल. टेबले रिकामी पडू लागल्यावर ते सोसवणे शक्य नव्हते.

तिथे सुरुवातीपासून स्वयंपाकघरात काम करणारा एक मुलगा आता मिरजेत नोकरी करतो. परवा तो भेटला तेव्हा मी त्याला चटणीची कृती विचारली. बेदाणे रात्रभर भिजवायचे, तेलात आधी हळद आणि लाल तिखट घालायचे, चिंचेचा कोळ अगदी शेवटी, असे त्याने सावकाश सांगितले, आणि मी ते उतरवून घेतले. या रविवारी आईसाठी ती करणार आहे.