दुकानदार, गव्हर्नर आणि आपले 'परप्रांतीय'

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर परप्रांतीयांवरून जुंपली आहे. मामाचं म्हणणं, ठाण्यातल्या बांधकामांवर मराठी कामगार औषधालाही सापडत नाही, बाहेरच्यांना परत पाठवा. त्याचा राग मला कळतो. मामेभाऊ आयटीआय करून दोन वर्षं घरी बसलाय. पण मी २२ वर्षं अमेरिकेत, कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटोत राहते. इथली परप्रांतीय मीच.

याच गावात लीलँड स्टॅनफर्डचा संसार होता. विस्कॉन्सिनमधलं वकिलीचं ऑफिस जळालं, म्हणून १८५२ मध्ये तो भावांच्या मागोमाग इकडे आला आणि सोनं खणणाऱ्यांना किराणा, अवजारं विकून वर आला. १८६१ च्या जूनमध्ये सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष झाला, सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. दोन्ही खुर्च्या त्याच्याच, आणि रेल्वेला सरकारी पैसा देणाऱ्या कायद्यांवर सहीही त्याचीच! १० जानेवारी १८६२ ला शपथविधी होता. शहर पुरात बुडालेलं, त्यामुळे स्वारी होडीतून गेली. त्याच दिवशीच्या भाषणात त्यानं बजावलं, की आशियातून येणाऱ्या कनिष्ठ वंशाच्या लोकांना इथे वसू देऊ नये.

१८६५ मध्ये त्याच्याच रेल्वेला माणसं मिळेनात, तेव्हा चिनी मजूर हजारोंनी घेतले. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या ग्रॅनाइटमधले बोगदे त्यांनी फोडले. गोऱ्यांना पगार आणि वर कंपनीचं जेवण. चिन्यांनी मात्र पगारातूनच पोट भरायचं. जून १८६७ मध्ये त्यांनी जास्त पगार आणि कमी तास मागत संप केला. कंपनीनं धान्य बंद केलं. आठवडाभरात माणसं कामावर परतली.

१८६९ मध्ये हे रूळ पूर्वेकडून आलेल्या रुळांना जोडले, तेव्हा शेवटी बसवलेल्या सोन्याच्या खिळ्याचा जुळा भाऊ इथल्या रेल्वे म्युझियममध्ये काचेआड आहे. बोटाच्या जवळपास दुप्पट लांब. त्यावर संचालकांची नावं कोरलेली, चिनी नाव एकही नाही. मी दर वेळी तिथे थबकते.

म्हणून मामा, 'चालते व्हा' म्हणणाऱ्या पुढाऱ्याला आधी विचार, की त्याच्या ओळखीच्या बिल्डरांकडे राबतं कोण? ठेकेदार झारखंडहून माणूस आणतो, कारण त्याला पत्र्याच्या खोलीत ठेवून बारा तास जुंपता येतं. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा त्याला स्थानिकांइतकीच मजुरी द्या म्हणत होता. ती खरंच मिळती, तर आपल्या पोराला डावलण्यात ठेकेदाराचा फायदा उरला नसता. तुझ्या बिल्डिंगसमोरच्या साइटवर रोजाचे किती देतात, ते उद्या खाली उतरून विचार आणि ग्रुपवर टाक.