इंजिन बंद, पायलट चालू

हवेत इंजिन बंद पडलं की काय करायचं, हे मला आता झोपेतही सांगता येईल. जुन्या सेस्ना १७२ चा वेग ६५ नॉटवर धरायचा, उतरण्याजोगं शेत हेरायचं, फ्युएल सिलेक्टर ‘बोथ’वर (म्हणजे दोन्ही टाक्यांवर) आहे ना बघायचं, इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या मिक्स्चरचा लाल नॉब पूर्ण आत, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) बाहेर, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोंची किल्ली ‘बोथ’वर. खऱ्या पायलटला हे सगळं जमीन येण्याआधी उरकावं लागतं. मी संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उडतो, माझ्याकडे पॉजचं बटण आहे. विमान ३००० फुटांवर लटकवून मी जेवून येतो आणि मग मॅन्युअल उघडतो.

पूर्वी सिम्युलेटरमधलं इंजिन म्हणजे नुसता आवाज होता. आता त्याला तब्येत असते. जमिनीवर रिच (इंधन जास्त असलेलं) मिक्स्चर ठेवून रेंगाळलात की स्पार्क प्लगवर काजळी धरते. मग १७०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे इतके फेरे) मॅग्नेटो तपासताना काटा १२५ पेक्षा जास्त खाली येतो आणि उड्डाण बोंबलतं. कार्ब्युरेटरमधला, म्हणजे इंधन आणि हवा मिसळतात तिथला, बर्फ तर मला पटतच नव्हता. बाहेर चांगलं २० अंश तापमान आणि आत बर्फ? पण इंधनाची वाफ होताना आणि हवेचा दाब उतरताना आतला पारा तेवढ्याच अंशांनी सहज कोसळतो. हवा दमट असली की झालंच. यावर उपाय म्हणजे कार्ब हीटचा नॉब ओढणे. ओढल्यावर इंजिन आधी आणखी खोकतं, कारण वितळलेलं पाणी त्याच्याच घशात जातं. तेव्हा नॉब परत आत न ढकलता गप्प बसून राहणं, हे माझ्या मते विमान चालवण्यातलं सर्वांत अवघड काम आहे. (लँडिंग करणं त्यापुढे काहीच नाही.)

माझं दुखणं मात्र यातल्या कशातच बसेना. सरळ, शांत उडताना आरपीएम धाडकन पडायचे आणि क्षणात पुन्हा ठणठणीत. बर्फ असा लहरी नसतो, तो सावकाश गळा दाबतो. टाक्या भरलेल्या, तेलाचा दाब ठीक, मॅग्नेटो निर्दोष. एका जाणकार मित्राने गंभीरपणे विचारलं, “फ्युएल पंप बघितलास?” या विमानाचे पंख वर असतात, इंधन आपल्याच वजनाने खाली उतरतं. पंपच नाही, तर बघू काय?

शेवटी निदान केलं ते शेजारी गृहपाठ करत बसलेल्या मुलीने. “बाबा, तू पाय हलवलास की ते बंद पडतं.”

हसलो. मग टेबलाखाली बघितलं. पायाने विमान वळवायचे नवे रडर पेडल जोडल्यावर सिम्युलेटरने त्यांच्या ब्रेकचा एक ॲक्सिस (पेडल किती दाबलं हे सांगणारा सिग्नल) परस्पर मिक्स्चरला बहाल केला होता. उजव्या पायाला मुंग्या आल्या, चवडा जरा दाबला, की तिकडे लाल नॉब बाहेर आणि इंजिनाला इंधन बंद. टेबलाखाली काय चाललंय हे बघायला कुठलंच मॅन्युअल सांगत नाही, कारण खऱ्या विमानात टेबल नसतं.

तो ॲक्सिस काढून टाकला आणि पुन्हा उडालो. उतरायला म्हणून थ्रॉटल मागे घेतला, तर आरपीएम हळूहळू घसरायला लागले. ढगाळ, दमट हवा, हा बर्फच. कार्ब हीट ओढली. इंजिन ठरल्याप्रमाणे जोरात खोकायला लागलं. मी दात आवळून गप्प बसलो, आणि पलीकडून मुलगी ओरडली, “बाबा, पाय!”